चर्चा: १९८४ च्या शेवरोले पिकअपला नवं इंजिन-गिअरबॉक्स बसवावा का?

टेक्सासकर:
मंडळी, डॅलसजवळ राहतो. दारात १९८४ ची शेवरोले सी-१० आहे. ३०५ घनइंचांचं व्ही-८ इंजिन, क्वाड्राजेट कार्बोरेटर, ७००आर४ ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. इंजिन निळा धूर टाकतंय, म्हणजे काम निघालेलंच आहे. गावाबाहेरच्या भंगार यार्डात २००४ ची सिल्व्हराडो मागून ठोकलेली पडून आहे. तिचं ५.३ लिटरचं इंजिन, ४एल६०ई गिअरबॉक्स, वायरिंग आणि इंजिन चालवणारा कॉम्प्युटर सगळं एकत्र मिळतंय.

गाडी रोज चालवायची असेल तर जुन्या इंजिनवर पैसे घालण्यात अर्थ नाही, असं माझं मत. ३०५ कारखान्यातून निघालं तेव्हाच १६० अश्वशक्तीच्या आसपास होतं. ५.३ ची २८५ च्या घरात आहे, शिवाय थंडीत किल्ली फिरवली की सुरू. आणि 'ओरिजिनल'चं सोवळं कशाला पाळायचं? ही शेतावर आणि बांधकामावर राबायला काढलेली गाडी, तिला कोण संग्रहालयात नेणार आहे? कोणाचं वेगळं मत असेल तर बोला.

जुनं_लोखंड:
माझं वेगळं आहे. ३०५ गेलं तर त्याच घराण्यातलं ३५० टाका. माउंट तेच, गिअरबॉक्स जोडायचं बेलहाउसिंग तेच, एक्झॉस्ट तेच, कार्बोरेटरसुद्धा तोच. दोन सुट्ट्यांत गाडी रस्त्यावर.

तुम्ही म्हणताय ते म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. इंजिन स्वस्तात मिळेल हो, पण पुढे? माउंटच्या प्लेट वेगळ्या. ट्रकच्या ५.३ चा ऑइल संप, म्हणजे तेलाचं तळातलं भांडं, खाली फार लोंबतो, म्हणजे संपही बदला. कार्बोरेटरला पाच-सहा पीएसआय दाबावर पेट्रोल पुरतं, याला ५८ लागतं. म्हणजे टाकीत इलेक्ट्रिक पंप, नवी लाइन, रेग्युलेटर. तुमचा स्पीडोमीटर केबलवर फिरतो, नवा गिअरबॉक्स नुसता सिग्नल देतो, मधे आणखी एक डबा. आणि रात्री अडीचला हायवेवर बंद पडली तर? कार्बोरेटर मी टॉर्च तोंडात धरून, एका स्क्रूड्रायव्हरवर उघडलाय. कॉम्प्युटरचं काय उघडणार?

वायरमन:
हार्नेस, म्हणजे गाडीच्या वायरिंगचे जुडगे, बनवणं हाच माझा धंदा आहे, तेव्हा थोडं पक्षपाती समजा.

कॉम्प्युटरचा बाऊ लोक उगाच करतात. बिघाड झाला की तो कोड देतो, कार्बोरेटर कधी सांगतो का काय दुखतंय? पण इंजिन एकटं उचलून आणू नका, गिअरबॉक्स त्याच गाडीचा हवा. या इंजिनची क्रँकची फ्लँज, म्हणजे गिअरबॉक्सकडचं टोक, जुन्या स्मॉल ब्लॉकपेक्षा (३०५, ३५० चं घराणं) ०.४ इंच आत आहे. जुना ७००आर४ जोडायचा तर स्पेसर लागतो. वर त्याची टीव्ही (थ्रॉटल व्हॉल्व्ह) केबल नव्या थ्रॉटल बॉडीला नीट जुळवावी लागते. ती ढिली राहिली की आत दाब कमी पडतो आणि क्लच जळतात. ४एल६०ई ला ही भानगडच नाही, त्याचे गिअर कॉम्प्युटरच टाकतो. त्याचीही खोड आहे: तिसऱ्या-चौथ्या गिअरचा क्लच नाजूक. ट्रेलर ओढणार असाल तर ४एल८०ई गिअरबॉक्स शोधा. तो लांब आणि जड असतो, प्रोपेलर शाफ्ट कापून घ्यावा लागेल.

दोन गोष्टी यार्डातच बघा. थ्रॉटल इलेक्ट्रॉनिक असेल तर पेडल, त्याचं मॉड्यूल आणि कॉम्प्युटर तिन्ही एकाच गाडीचे उचला. नाहीतर इंजिन सुरू होईल, पण पेडल दाबून काही होणार नाही. दुसरं, चोरी रोखायची व्यवस्था ट्यूनरकडून (कॉम्प्युटरचा प्रोग्राम बदलणारा) बंद करून घ्या, नाहीतर क्षणभर सुरू होऊन मरेल.

आणि अर्थिंग! माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या 'बिघडलेल्या' गाड्यांत इंजिनच्या हेडपासून फायरवॉलपर्यंतची (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) पट्टीच लावलेली नसते. मग स्टार्टर मारला की करंट गिअरच्या केबलमधून परतीची वाट शोधतो. केबलचं आवरण वितळून चिकटलेलं मी पाहिलंय, आणि मालक ट्यूनरला शिव्या देत असतो.

बे_एरियावाली:
टेक्सासात २५ वर्षांवरच्या गाडीची धूर तपासणीच नाही, म्हणून तुमचं फावतंय. इकडे कॅलिफोर्नियात फक्त १९७५ पर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना सूट. ८४ ची असेल तर इंजिन गाडीच्या वर्षाचं किंवा त्याहून नवं हवं. त्यासोबत त्या इंजिनचे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ऑक्सिजन सेन्सर, पेट्रोलच्या वाफा धरणारा कॅनिस्टर, सगळं जागच्या जागी. रेफरी, म्हणजे राज्याचा तपासनीस, तपासतो, मगच मंजुरीचं लेबल लागतं.

लोक या नियमाच्या नावाने खडे फोडतात, मला तो पटतो. अर्धवट काम करणारे इथेच गळतात. आणि धुराच्या बाबतीत जुनं_लोखंड यांनी जरा गप्प बसावं. ;)

जुनं_लोखंड:
बसलो.

इचलकरंजी_गॅरेज:
तुम्ही लोक नशीबवान. इकडे भारतात मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. कारखान्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालत नाही, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या प्रकरणात तेच सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर दर बदलाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. जुन्या पिकअपला दुसऱ्याच कंपनीचं इंजिन बसवून द्या म्हणत गिऱ्हाईक येतं, त्याला मी आधी आरसी दाखवायला सांगतो. तसंच इंजिन बसवायचं असेल तर आरटीओची परवानगी काढू. नसेल तर चहा पाजून परत पाठवतो.

पण कायदा सोडा. ताकद जवळजवळ दुप्पट करताय आणि इथे अजून ब्रेकचा ब कोणी काढलेला नाही.

टेक्सासकर:
पुढे डिस्क आहेत, मागे ड्रम. मागचे आणि मास्टर सिलिंडर नवीन करणार.

जुनं_लोखंड:
ब्रेकच्या आधी टाक्या बघा! ७३ ते ८७ च्या या पिकअपच्या पेट्रोल टाक्या चेसिसच्या बाहेरच्या अंगाला आहेत. बाजूने धडक बसली की पहिला मार टाकीला. यावरून सरकार आणि जनरल मोटर्सचं मोठं भांडण झालं. डिसेंबर १९९४ मध्ये तडजोड झाली, कंपनीने सुरक्षा कार्यक्रमांना पाच कोटी दहा लाख डॉलरच्या वर दिले आणि गाड्या परत बोलावल्या गेल्याच नाहीत. त्याच टाकीत तुम्ही ५८ पीएसआयचा पंप बसवणार?

टेक्सासकर:
हा मुद्दा मान्य. ब्लेझरची टाकी मागच्या एक्सलच्या पाठीमागे, चेसिसच्या दोन दांड्यांमध्ये बसते. बरेच जण तीच लावतात, पंपासाठी कशीही टाकी उघडायचीच आहे. ३५० टाकलं असतं तर जुनी टाकी तिथेच राहिली असती, हे पण लक्षात घ्या.

वायरमन:
मागचा एक्सल किती रेशोचा आहे? २.७३ असेल तर ०.७० च्या ओव्हरड्राइव्हमध्ये (सगळ्यात वरचा गिअर) ताशी ६० मैलांना इंजिन मिनिटाला १४०० फेऱ्यांच्याही खाली कण्हत राहील, आणि तुम्ही मला ट्यून बिघडली म्हणून फोन कराल. ३.७३ करून घ्या.

इचलकरंजी_गॅरेज:
घ्या, मसाला वाढला अजून.

टेक्सासकर:
वाढू दे. शनिवारी यार्डात जातोय, पेडल आणि मॉड्यूल आहे का ते आधी बघतो. नसेल तर सौदा रद्द.

जुनं_लोखंड:
जा, ऐकणार नाहीच तुम्ही. फक्त तो क्वाड्राजेट फेकू नका, मला पाठवा. पोस्टेज मी देतो.