दिवाळीच्या सुटीत स्टेपवरचे पक्षी-स्थलांतर पाहता येईल का?

माळावरचा मास्तर (वाशीम जिल्हा)

गेली ११ वर्षे आमच्या गावच्या ई-क्लास जमिनीवर (सरकारी गायरानावर) हिवाळी मुक्कामाला येणाऱ्या भोवत्यांची मी नोंद ठेवत आहे. सोयाबीन निघून तूर फुलोऱ्यावर येते त्या सुमारास हे शिकारी पक्षी दिसू लागतात, दिवसभर धुऱ्यांवरून आणि पऱ्हाटीवरून अगदी खालून घिरट्या घालतात आणि दिवस मावळताना एकेक करून उंच गवतात उतरून जमिनीवरच झोपतात. सकाळी त्या जागी त्यांनी ओकलेल्या गोळ्या सापडतात. अशी एक गोळी मी वर्गात ओल्या कागदावर ठेवून सुईने सोडवली, तेव्हा तीत नाकतोड्यांच्या करवती पायांखेरीज फारसे काही निघाले नाही. त्यावर सहावीतल्या एका मुलीने विचारले, "गुरुजी, हे एवढ्या लांबून नाकतोडे खायला येतात?" तेव्हापासून हे पक्षी जेथून येतात तो प्रदेश एकदा पाहावा, हे माझ्या मनाने घेतले आहे.

भूगोलात 'स्टेप गवताळ प्रदेश' मी दरवर्षी शिकवतो, परंतु पाहिलेला नाही. सलग सुटी मिळते ती दिवाळीची. कझाकस्तान आणि हंगेरी अशी दोन नावे माझ्यासमोर आहेत. आम्ही उभयता जाऊ आणि दोघांचा मिळून साडेतीन-चार लाखांपर्यंत खर्च झेपेल. ज्यांनी हे प्रदेश पाहिले आहेत, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

पट्टकादंब (अमरावती)

गुरुजी, मी सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात कझाकस्तानात जाऊन आले आहे, म्हणून आधी कडू ते सांगते. दिवाळीत तेथे जाल तर उशीर झालेला असेल. उत्तर कझाकस्तानातले स्थलांतर ऑगस्टच्या अखेरीस आणि सप्टेंबरात भरात असते. ऑक्टोबर सरता सरता तळी गोठू लागतात आणि बर्फही पडते. आपण विमानतळावर उतराल तेव्हा आपले भोवते आपल्या ई-क्लासवर उतरलेले असतील.

मी पाहिला तो कोरगालझिनचा राखीव प्रदेश, अस्ताना शहरापासून सुमारे १३० किलोमीटरवर आहे. नौरझुम या दुसऱ्या राखीव प्रदेशासह त्याला २००८ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. नुरा नदी तेथील गोड्या पाण्याच्या तळ्यांना पाणी पुरवते, आणि शेजारचे तेंगीझ हे मोठे सरोवर मात्र खारे आहे. रोहित पक्ष्यांची जगातली सर्वांत उत्तरेकडची वीण तेथेच होते. पहाटे गवतावर हिव पडलेले होते, माझी बोटे दुर्बिणीला चिकटल्यासारखी झाली होती, आणि त्याच वेळी कांड्या करकोच्यांचा एक थवा गव्हाच्या कापलेल्या रानातून उठून डोक्यावर गोल फिरत इतका वर गेला की शेवटी केवळ आवाजच उरला. राखीव क्षेत्रात परवानगीशिवाय प्रवेश मिळत नाही, त्यामुळे माहीतगार वाटाड्या आधीच ठरवावा लागतो.

आपल्या विद्यार्थिनीला मात्र असे सांगा की पक्षी नाकतोड्यांसाठी येतात हे अर्धेच खरे आहे. तिकडे हिवाळ्यात पारा उणे ३० पर्यंत उतरतो, गवत बर्फाखाली जाते आणि खायला काहीच उरत नाही. पांढुरका भोवत्या त्या स्टेपवर जमिनीवर घरटे करतो आणि थंडीच्या आधी दक्षिणेकडे निघतो. भोरड्यांचा (गुलाबी मैनांचा) हिशेब आणखी निराळा आहे. त्यांची वीण मे-जूनमध्ये टोळांच्या सुगीवर उरकते आणि जुलै-ऑगस्टमध्ये त्या भारतात परततात, म्हणजे सप्टेंबरातसुद्धा मला तेथे एकही भोरडी दिसली नाही. पहिली ज्वारी निसवायच्या आधीच या पाहुण्या दारात हजर असतात!

क्रौंचवेडा (यवतमाळ)

ताईंनी वेळेचे म्हटले ते अगदी खरे आहे, आणि म्हणूनच दिवाळीसाठी मी हंगेरीतील होर्टोबाज हा गवताळ प्रदेश सुचवतो. हे राष्ट्रीय उद्यान १९७३ साली स्थापन झाले आणि १९९९ पासून जागतिक वारसा यादीत आहे. उत्तर युरोपातून निघालेले क्रौंच तेथे विसाव्याला थांबतात. एका वेळी १ लाखाहून अधिक क्रौंच तेथे मोजले गेले आहेत आणि मुख्य गर्दी ऑक्टोबरात असते. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातही पुष्कळ पक्षी असतात, त्यामुळे दिवाळी लवकर आली काय किंवा उशिरा आली काय, फारसे बिघडत नाही.

तेथली खरी गंमत संध्याकाळची आहे. दिवसभर क्रौंच मक्याच्या कापलेल्या शेतांत सांडलेले दाणे टिपतात आणि अंधार पडू लागला की मत्स्यतळ्यांकडे वळतात. मासे काढण्यासाठी शरद ऋतूत त्या तळ्यांचे पाणी उतरवलेले असते आणि त्या घोटाभर पाण्यात उभे राहून ते झोपतात, कारण कोल्हा पाण्यातून आला तर चाहूल लागते. आम्ही बांधावर उभे होतो. पहिल्या रांगा पश्चिमेच्या तांबड्या पट्टीवर बारीक दोऱ्यासारख्या दिसल्या, आणि त्यानंतर पाऊण तास आकाश रिकामे झालेच नाही. आवाज असा होता की शेजारच्याशी ओरडून बोलावे लागले.

बुडापेस्टहून डेब्रेत्सेनला रेल्वेने अडीच-तीन तास लागतात आणि तेथून होर्टोबाज सुमारे ४० किलोमीटर आहे. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तेथील घड्याळे एक तास मागे जातात आणि सूर्य साडेचारच्या आत मावळतो. आम्हाला हे ठाऊक नव्हते; पहिल्या संध्याकाळी हॉटेलात चहा पीत बसलो आणि सारा सोहळा हुकला. हंगेरीसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या ६ महिने आधीपासून अर्ज करता येतो.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगतो. होर्टोबाजचे क्रौंच आपल्याकडे येत नाहीत. ते पुढे ट्युनिशिया-अल्जीरियाकडे जातात.

बोडीकाठ (गोंदिया जिल्हा)

मग हंगेरीला जाऊन गुरुजींचा प्रश्न सुटला कसा म्हणायचा? पाहुण्याचे घर पाहायला निघायचे आणि भलत्याच आळीत उतरायचे, असा हा प्रकार होईल. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या उत्तरार्धात उघडतात. त्या सुटीत कझाकस्तान गाठावे. भोवते घरट्यावर असतील, करकोच्यांची पिल्ले असतील, भोरड्याही असतील. डासांची तयारी मात्र ठेवावी. दिवाळीत आमच्याकडे या. मामा (माजी मालगुजारी) तलावांवर तोवर तलवार बदके आलेली असतात आणि धानाच्या बांध्यांत सारस दिसण्याचा योग असतो. कोणतीही सहल ठरवा, पण तिकिटे काढण्यापूर्वी परदेश प्रवासाची कार्यालयीन परवानगी पदरात पाडून घ्या. माझ्या एका स्नेह्याची परवानगी परतीच्या तारखेनंतर हाती पडली होती.

माळावरचा मास्तर

सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. परवानगीचा अर्ज आजच लिहायला घेतला आहे. बोडीकाठ यांचे म्हणणे मला सोळा आणे पटले होते, परंतु सौभाग्यवतींना सर्व उत्तरे वाचून दाखविल्यावर त्या म्हणाल्या, "आपले पक्षी तर आपण घरबसल्या पाहतो, एवढा खर्च करून जायचे तर जे आपल्याकडे येतच नाहीत ते पाहू." या युक्तिवादाला माझ्याकडे उत्तर नाही. तेव्हा या दिवाळीला होर्टोबाज पक्के झाले आहे आणि कझाकस्तान एखाद्या उन्हाळ्यासाठी राखून ठेवले आहे. आम्ही नसताना भोवत्यांची नोंद सातवीची मुले ठेवणार आहेत.

क्रौंचवेडा यांना एवढेच विचारावयाचे आहे की, माझ्याकडे ८ बाय ४२ ची दुर्बीण आहे. त्या बांधावरून तेवढी पुरते, की तिवईवरची मोठी दुर्बीण कोणाकडून मागून न्यावी?

क्रौंचवेडा (यवतमाळ)

संध्याकाळच्या थव्यांसाठी ८ बाय ४२ उत्तम आहे, कारण अंधुक प्रकाशात तीच कामी येते. दिवसा शेतात चरणारे क्रौंच मात्र दूरवर असतात आणि जवळ गेल्यास उडून जातात, तेव्हा तिवईची दुर्बीण मिळाली तर न्यावीच. लोकरीचे हातमोजे विसरू नका. बोटांची टोके उघडी राहतील असे घ्या.