आईला सिंहस्थाला न्यायचंय, नाशिक का त्र्यंबक? आन कोणत्या दिवशी?

गंगाखेडकर
नमस्कार मंडळी. आमची आई ७१ वर्षाची, गुडघे पार कामातून गेलेत, तरी म्हणायली की येत्या सिंहस्थात अंघोळ करायचीच. मी म्हणलं आई तीच गंगा (म्हणजे आपली गोदावरी) आपल्या दारात हाय, जनाबाईच्या गंगाखेडात राहून नाशिकला कशाला, तर म्हणे गप बस, दारातली रोजची हाय, सिंहस्थ बारा वर्षाला येतो, पुढच्याला मी असंन का. आता यावर काय बोलावं? तिला साधूंच्या अंघोळीचाच दिवस पायजे. मला मात्र प्रयागच्या कुंभमेळ्यातली २९ जानेवारी २०२५ ची चेंगराचेंगरी टीव्हीवर बघितल्यापासून धसका बसलाय. परभणीहून रेल्वेनं जायचं, सोबत बायको आन दोन लेकरं. नाशिक बरं का त्र्यंबक?

नांदेडी_पाहुणा
आधी आईला नेमके कोणते साधू बघायचेत ते विचारा राव. नागा साधू म्हणजे शैव आखाडे, ते त्र्यंबकला कुशावर्तात न्हातात. नाशिकला रामकुंडावर वैष्णव बैरागी, म्हणजे निर्वाणी, निर्मोही आन दिगंबर. पेशवाईत दोघांत लै मोठी मारामारी झाली तवापासून हे घाट वेगळे. टीव्हीवर भस्म फासलेले बघून नाशिकला गेलात तर आई म्हणंल हे ते नव्हंच.
अमृत स्नानं (साधूंच्या मुख्य अंघोळीचे दिवस, ह्यालाच पर्वणी म्हणतेत) २०२७ ची: २ ऑगस्ट आन ३१ ऑगस्ट दोन्हीकडं, तिसरं नाशिकला ११ सप्टेंबर, त्र्यंबकला १२. म्हणजे ऐन पावसाळा, प्रयागसारखी थंडी नाही, चिखल हाय. बाकी गुरू सिंह राशीत आला की आपल्या खाली तेलंगणात बासरला ह्याच गंगेचं पुष्करम (तिकडचा बारा वर्षांचा नदीस्नानाचा मेळा) असतं, नांदेडहून जवळ, तोही एक पर्याय. (आई ऐकणार नाही, माहीत हाय.)

जालनेवाला
२०१५ ला मी आन मामा गेलतो, पहिल्या पर्वणीला, २९ ऑगस्ट, राखीपौर्णिमा होती. गाडी शहराबाहेर लावायला लावली, तिथून पुढं चालत, बांबूच्या वाटांतून हिकडून तिकडं, मामा म्हणला अरे रामकुंड हिथंच हाय का पुढच्या जिल्ह्यात. आन गंमत म्हणजे एवढा बंदोबस्त की सांगितली तेवढी गर्दीच नव्हती, लोक घाबरून आलेच नव्हते. पण बंदोबस्ताला नावं ठेवताना २००३ विसरू नका, २७ ऑगस्टला चेंगराचेंगरीत ३९ माणसं गेली नाशिकात. गुडघेवाल्या माणसाला पर्वणीच्या दिवशी नेऊच नये, माझं स्पष्ट मत.

पैठणचा_पोरगा
मला एक कळत नाही, अंघोळीसाठी नाशिकच्या धरणातून पाणी सोडतेत, आन खाली आपलं जायकवाडी धरण ६५ टक्क्याच्या खाली असलं की त्याच वरच्या धरणांतलं हक्काचं पाणी मागायला आपण कोर्टात. २०१५ चा दुष्काळ आठवा, पुढच्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आलं. साधूंवर राग नाही बरं का. गंगा जर एकच हाय तर ती खालीबी वाहू द्या एवढंच म्हणणं हाय.
(विषयाला सोडून हाय, सॉरी. काकूंना घेऊन जाच.)

नाशकात_रोजीरोटी
मी मूळ माजलगावचा, नाशिकात १४ वर्षं. पैठणवाल्याचं म्हणणं खरंय पण ते भांडण परत कवातरी.
गंगाखेडकर, एक गोष्ट नीट लक्षात घ्या, सिंहस्थाचा ध्वज ३१ ऑक्टोबर २०२६ ला चढतोय आन २४ जुलै २०२८ ला उतरतोय. म्हणजे पावणेदोन वर्षं सिंहस्थच हाय, पाण्याला काय कळतंय आज पर्वणी हाय का मंगळवार. पर्वण्या सोडून मधल्या वारी पहाटे न्या, पाच मिनिटात आईची अंघोळ. साधू बघायचे तर नाशिकच्या तपोवन भागात साधुग्राम (साधूंचा मुक्कामाचा तळ) असतं, तिथं पर्वणीच्या आधीच्या आठवड्यात निवांत दर्शन होतं, चहाबी पाजतेत. नागाच बघायचे तर त्र्यंबक नाशिकहून २८-३० किमी, बस मिळते, पण कुशावर्त लहानसं कुंड हाय, पायऱ्या ओल्या, आईचा हात सोडू नका.
आन पावसाळ्यात निघायच्या आधी बातमी बघा, दुतोंड्या मारुतीच्या (रामकुंडाजवळची मूर्ती, तिच्यावरून नाशिककर पूर मोजतेत) कमरेला पाणी लागलं असंल तर येऊच नका, मग रामकुंड कुठं आन रस्ता कुठं कळत नाही. रेल्वे म्हणाल तर तपोवन एक्सप्रेस बरी, संध्याकाळी नाशिकरोडला उतरवती. देवगिरीनं आलात तर अपरात्री लेकरं घेऊन प्लॅटफॉर्मवर बसावं लागंल.

गंगाखेडकर
सगळ्यांचे आभार. आईला सगळं वाचून दाखवलं. दुतोंड्या मारुतीचं ऐकून म्हणली, तो बुडाला आन जायकवाडी भरलेली असली की काही दिवसांत आपल्या घाटावर पाणी चढतंय बघ, मला माहीत हाय. पैठणच्या पोराचं ऐकून म्हणली, बरोबर बोलायला, त्याला जेवाय बोलव. पर्वणीचा हट्ट सोडला, पण नागा साधू बघायचेच म्हणून त्र्यंबक पक्कं, आन रामकुंडबी पायजेच. तपोवन गाडीचं बुकिंग कवा सुरू होतंय?

नाशकात_रोजीरोटी
६० दिवस आधी. सगळी दिवसाची गाडी हाय, आईला खिडकी घ्या. आन परत जाताना आई गंगेचं पाणी भरून न्यायला लावंल, तर येताना दारातलंच कॅनमधी भरून आणा, रामकुंडात सोडू. जाताना तिथलं न्या.