टेपडेकचा आवाज कॉम्प्युटरमध्ये घेताना

जुन्या कॅसेटचा आवाज घ्यायला टेपडेकची वायर कॉम्प्युटरच्या गुलाबी जॅकमध्ये लावली तर आवाज फाटतोय, अशी एकाची तक्रार आहे, तर तो फाटणारच, कारण गुलाबी म्हणजे माइक, तिथे अगदी बारीक सिग्नल लागतो आणि डेकमधून येणारा लाइन लेव्हलचा (एका यंत्रातून दुसऱ्यात थेट द्यायचा) सिग्नल त्याच्या कितीतरी पट मोठा असतो. निळ्या जॅकमध्ये लावा, तो लाइन-इन. स्टिरिओच्या मागे लाल-पांढऱ्या गोल सॉकेटवर (त्यांना आरसीए म्हणतात) 'टेप आउट' किंवा 'रेक आउट' लिहिलेलं असतं, तिथून ३.५ एमएम स्टिरिओ पिनची वायर आणा. स्पीकरच्या टर्मिनलवरून मात्र चुकूनही घेऊ नका, साउंड कार्ड जळू शकतं!

लॅपटॉपला बहुतेक एकच जॅक असतो आणि त्यातलं इनपुट माइकचं, तेही मोनो, म्हणजे एकाच चॅनेलचं, तेव्हा लाइन-इन असलेलं यूएसबी साउंड कार्ड घ्याच. घूं असा आवाज आला तर आधी चार्जर काढून बघा, माझ्याकडे तेवढ्यानेच गेला होता.

मी आजीच्या ओव्यांची ६० मिनिटांची कॅसेट ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ४४१०० हर्ट्झ, १६ बिटवर (म्हणजे सीडीच्या दर्जाला) स्टिरिओत घेतली, वेव्ह फाइल साधारण ६०० एमबी झाली. रेकॉर्डिंगचे मीटर लाल होऊ देऊ नका, एकदा फाटलेला आवाज नंतर नीट करता येत नाही.