प्रश्न मुलांनाच विचारू द्या
तुमची मुलगी धडा घडाघडा वाचते, पण काय वाचलं ते सांगता येत नाही, असं तुम्ही लिहिलंय. अशा वेळी आपण प्रश्नांची सरबत्ती करतो. मी उलटं करते. पॅलिन्क्सार आणि ब्राउन या शिक्षण-संशोधकांनी १९८४ मध्ये मांडलेली पद्धत आहे: एक परिच्छेद वाचायचा, मग मुलानेच शिक्षक व्हायचं. प्रश्न त्याने विचारायचे, अडलेलं त्याने उलगडायचं, सारांश आणि पुढचा अंदाजही त्याचाच. आधी मात्र आपण मोठ्याने विचार करून दाखवायचा: "इथे 'त्याने' म्हणजे कुणी? थांब, मागची ओळ बघते." मुलं या सर्वनामांतच फार हरवतात. माझ्या चौथीतल्या मुलाचे सुरुवातीचे प्रश्न नुसते 'कोण' आणि 'कुठे'चे असत. पहिला 'का' यायला महिना लागला.