आई-वडिलांचं करताना मन खचतंय, देवापुढेही बसवत नाही. मदत हवी आहे

नमस्कार. मी फलटणची. घरात आई, अण्णा आणि मी. अण्णा ८१ वर्षांचे. पॅरालिसिसच्या झटक्यात त्यांची उजवी बाजू गेली, वाचाही गेली. आई ७६ वर्षांची, तिला डिमेन्शिया आहे. मी पतसंस्थेत नोकरी करते. दिवसा सांभाळायला एक मावशी येतात, त्या सहाला जातात. पुढची संध्याकाळ आणि रात्र माझी. दादा-वहिनी पुण्याला असतात. दादा पैसे वेळेवर पाठवतो, फोनही करतो.

अंगमेहनतीचं मी निभावते. अण्णांची कूस बदलणं, डायपर, कमोडच्या खुर्चीवर बसवणं, सगळं आता हाताला बसलंय. विचारायचंय ते वेगळंच.

आमचं घर माळकरी. अण्णा दरवर्षी माउलींच्या पालखीबरोबर आळंदीहून पंढरपूरला चालत जायचे. पालखी फलटणला मुक्कामाला आली की त्यांच्या दिंडीतली माणसं आमच्या पडवीत उतरायची आणि आई चुलीपाशी बसून भाकरी थापत राहायची. अण्णा अंथरुणाला खिळल्यावर ती माणसं एकदा भेटायला आली, त्यांचे पाय धरून रडली. नंतर कुणी फिरकलं नाही. बघवत नसेल त्यांना. नातेवाईकही येतात ते सणावारी.

जो येतो तो म्हणतो, "पुंडलिकाचं पुण्य आहे गं तुझ्या पदरी." चांगल्या मनानंच म्हणतात. पण ऐकलं की छातीवर ओझं येतं. कारण मध्यरात्री आई पुन्हा पुन्हा उठून दाराची कडी काढायला लागते, तेव्हा माझ्या मनात पुण्य वगैरे काही नसतं. यातून कधी सुटणार, एवढंच असतं. मग सकाळी देवापुढे हात जोडले तरी मागायचं काय ते कळत नाही. यांना आयुष्य मागू, की यांची सुटका मागू? हल्ली तिथे बसणंच टाळते. माळ गळ्यात आहे, पण मन रितं झालंय.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. अण्णांना 'पाणी' म्हणता येत नाही. ओठ हलतात, नुसता घोगरा आवाज येतो, मग चिडून डावा हात गादीवर आपटतात. पण मी संध्याकाळी हरिपाठ म्हणायला घेतला की दोन-तीन चरणांनंतर तेही म्हणू लागतात, शब्द न् शब्द. तोच डावा हात मांडीवर ठेका धरतो. मी कोण हे आईला कधी कधी ओळखू येत नाही, पण तीही स्वयंपाकघराच्या दारात येऊन टाळ्या वाजवते. हरिपाठ संपला की पुन्हा सुरू, "मला घरी जायचंय, माझी आई वाट बघत असेल."

तुमच्यापैकी कुणी यातून गेलं असेल तर सांगा, श्रद्धा कशी टिकवलीत? आणि मन मोकळं करायला माणसं कुठे मिळाली? आईच्या संध्याकाळच्या अस्वस्थतेवर काही उपाय असेल तर तोही हवाय.

प्रतिसाद १

ताई, माझ्या सासूबाईंना अल्झायमर होता, शेवटपर्यंत घरीच केलं. आधी आईंचं सांगते. दिवस मावळताना असा गोंधळ वाढणं या आजारात नेहमीचं आहे. अंधार पडायच्या आधीच सगळे दिवे लावा, पडदे ओढा. सावल्यांनी त्या घाबरतात. दुपारनंतर चहा नको, दुपारची झोपही थोडकीच. "हेच तुझं घर आहे" असं समजावत बसू नका, पटत नाही आणि त्या आणखी बिथरतात. "जाऊ या, आधी दूध घेऊ" म्हणा, त्यांच्या आईची आठवण काढा, बोलू द्या. दाराची कडी नजरेच्या वर बसवून घ्या. आणि गोंधळ एखाद-दोन दिवसांत एकदम वाढला तर आधी लघवी तपासून घ्या. म्हाताऱ्या माणसांत लघवीचं इन्फेक्शन असंच दिसतं, ताप येईलच असं नाही.

अण्णांचं हरिपाठ म्हणणं वाचून डोळे भरून आले. उजव्या अंगाबरोबर वाचा जाते तेव्हा मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झालेली असते. बोलणं तिथून चालतं, पण चाल आणि पाठांतर बरंचसं दुसरीकडूनही चालतं. स्पीच थेरपिस्ट याचाच उपयोग करतात. हरिपाठाच्या चालीवर "पाणी द्या, पाणी द्या" म्हणा आणि त्यांच्या डाव्या हातानं ठेका धरायला लावा. रोज थोडं थोडं. एखादा थेरपिस्ट गाठाच, व्हिडिओ कॉलवरही शिकवतात.

तुमच्यासाठी टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर. चोवीस तास आणि मोफत, मराठीत बोलता येतं. मी रात्री फोन केलेला आहे. ज्येष्ठांच्या कुठल्याही अडचणीसाठी एल्डरलाइन १४५६७, सकाळी ८ ते रात्री ८. दोघंही सत्तरीच्या पुढचे आहेत, तर आयुष्मान वय वंदना कार्ड काढून ठेवा. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार, उत्पन्नाची अट नाही. मात्र दवाखान्यात दाखल झाल्यावरच चालतं, घरी येणाऱ्या बाईचा पगार त्यातून निघत नाही.

प्रतिसाद २

मुली, मी सत्तरी ओलांडलेला वारकरी आहे, म्हणून अधिकारानं लिहितो.

पुंडलिकाची कथा तुला लोक अर्धीच सांगतात. देव दारात आला तेव्हा पुंडलिक आई-वडिलांचे पाय चेपत होता. तो उठला नाही. त्यानं पूजा मांडली नाही, हात जोडले नाहीत, वीट फेकली आणि थांब म्हणाला. देव थांबला, अठ्ठावीस युगं उभा आहे. पुंडलिकाच्या मनात तेव्हा काय चाललं होतं ते कथा विचारत नाही, देवानंही विचारलं नाही. तू देवापुढे बसत नाहीस म्हणून अपराधी होऊ नकोस. त्याला वाट बघायची सवय आहे. आणि सुटका मागावीशी वाटणं हे पाप नाही. माझी आई आठ महिने अंथरुणावर होती, मीही तेच मागत होतो.

आता कामाचं. दिंडीतली माणसं येत नाहीत, कारण येऊन करायचं काय हे त्यांना माहीत नाही. रिकाम्या हातानं रडायला कुणाला आवडत नाही. त्यांच्या विणेकऱ्यांना फोन कर आणि नेमकं काम सांग. "दर एकादशीला संध्याकाळी हरिपाठ आमच्या घरी करा, अण्णा म्हणतात." टाळ-मृदंग घेऊन येतील बघ. ते बसलेले असताना तू घराबाहेर पड. मंदिरातच जायला हवं असं नाही, नुसती चालून ये.

प्रतिसाद ३

दादांबद्दल एवढंच. पैशांबरोबर रात्रीही मागा. महिन्यातून दोन शनिवार-रविवार त्यांनी किंवा वहिनींनी येऊन राहावं. कायदा-बियदा काढू नका, तारखा लिहून पाठवा. आम्ही भावंडांनी कॅलेंडर वाटून घेतलं तेव्हाच निभलं.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमचा प्रतिसाद मी अण्णांना मोठ्यानं वाचून दाखवला. विटेपर्यंत आले तेव्हा त्यांनी माझा हात धरला. विणेकरी काकांना फोन केलाय, या एकादशीला येतो म्हणालेत. दादाला तारखा पाठवल्यात, पहिली त्यानं मान्य केली आहे, दुसरीचं बघतो म्हणाला.

आईची लघवी उद्या तपासायला देते. डायपरमुळे नमुना कसा घ्यायचा, हे कुणी सांगेल का? आणि फलटण-लोणंद भागात घरी येणारा स्पीच थेरपिस्ट कुणाच्या माहितीत असेल तर कृपया कळवा.