मदत हवी आहे : ‘द वायर’ ४:३ की १६:९?

‘द वायर’ या अमेरिकन गुन्हेगारी मालिकेचे पाचही सीझन (६० भाग, २००२–०८) सलग बघायचेत. मूळ मालिका ४:३ म्हणजे जुन्या टीव्हीच्या चौकोनी चौकटीतली, २०१४ च्या एचडी आवृत्तीत ती १६:९ म्हणजे रुंद झाली. कुठे बाजूचं जास्त दिसतं, कुठे वरखाली कापलं जातं. दुसऱ्या सीझनमधलं बाल्टिमोरचं बंदर रुंद चौकटीत खुलतं, हे मान्य. पण पहिल्यात ड्रग्ज विकणारी पोरं बसतात, त्या नारिंगी सोफ्याभोवतीची कोंडी पार सैल पडते.

म्हणून ४:३ ची डीव्हीडी हवी. अडचण अशी, की डीव्हीडीवर ती जगाच्या कुठल्या भागात चालावी याचा ‘रीजन’ कोड असतो; अमेरिकन संच रीजन १ चा, आपले भारतातले प्लेअर रीजन ५ चे. डिस्क आत जाते आणि ‘चुकीचा रीजन’ म्हणून थांबते. ब्रिटिश संच रीजन २, तोही चालत नाही. रीजन-फ्री होणारा, एचडीएमआयवर ४:३ न ताणता देणारा प्लेअर कुणी सुचवेल का? इंग्रजी सबटायटल हवीतच, गल्लीतली बोली त्याशिवाय निम्मी निसटते.