विषय: सिंधू–ओकुहारा, ११० मिनिटं आणि ३८ मिनिटं

मंडळी,
येत्या रविवारी मंडळाच्या हॉलमध्ये प्रोजेक्टरवर बॅडमिंटनच्या जागतिक अजिंक्यपदाच्या दोन फायनल लागोपाठ लावायच्या आहेत: ग्लासगो, २७ ऑगस्ट २०१७ आणि बासेल, २५ ऑगस्ट २०१९. दोन्हीकडे आपली पी. व्ही. सिंधू आणि जपानची ओकुहाराच. ग्लासगोत सिंधू १९-२१, २२-२०, २०-२२ अशी ११० मिनिटं झुंजून हरली. बासेलला २१-७, २१-७, मॅच ३८ मिनिटांत खलास. मागच्या वेळी ‘ओकुहारा दमलेली होती, बाकी काही नाही’ यावर चर्चा आटोपली. ते पटलेलं नाही, पण खोडायला हाताशी काही नव्हतं. कुणी आकडे घेऊन बसतंय का? पोहे साडेआठला, मॅच नऊला. जिलबी उशिरा येणाऱ्यांसाठी ठेवली जाणार नाही.
— रामबाग

*

दादा,
दमण्याचं आधी बघू. २०१७ च्या सेमीत सिंधूने चेन युफेईला २१-१३, २१-१० असं सरळ हरवलं, आणि ओकुहारा सायनाशी १२-२१, २१-१७, २१-१० अशी तीन गेम झगडली. २०१९ ला पुन्हा तेच: सिंधूने चेन युफेईलाच २१-७, २१-१४; ओकुहाराने रॅचनॉक इंतानोनला १७-२१, २१-१८, २१-१५. म्हणजे आदल्या दिवशी तीन गेम खेळून ओकुहारा दोन्ही वर्षी उतरली, आणि पहिल्या वर्षी तीच जिंकली. शिवाय बासेलला सिंधू तरी कुठे ताजी होती? क्वार्टर फायनलमध्ये तैवानच्या ताई त्झू यिंगशी ती १२-२१, २३-२१, २१-१९ अशी जिंकली खरी, पण पार पिळून निघाली होती.

आता वेळ. ग्लासगोत एकूण गुण झाले १२४ (ओकुहारा ६३, सिंधू ६१, दोनच गुणांचा फरक!). ११० मिनिटांना १२४ ने भागलं की एका गुणाला ५३ सेकंद. बासेलला ५६ गुण, ३८ मिनिटं, म्हणजे ४१ सेकंद. मॅच छोटी झाली ती गुण कमी झाले म्हणून तर आहेच, पण एकेक रॅलीही आखूड झाली.
— सुदामानगर

*

ताई, भागाकार बरोबर आहे, पण विश्रांती वजा करायची राहिली. ११ गुणांवर ६० सेकंद आणि दोन गेमच्या मध्ये १२० सेकंद मिळतात. ग्लासगोत तीन ब्रेक आणि दोन मध्यंतरं, एकूण ७ मिनिटं. बासेलला २ अधिक २, म्हणजे ४. उरली १०३ मिनिटं आणि ३४ मिनिटं. गुणामागे ५० सेकंद आणि ३६ सेकंद. फरक १२ वरून १४ वर गेला, तुमचा मुद्दा उलट पक्का झाला. अर्थात हे चौदाच्या चौदा सेकंद रॅलीचे नव्हेत. लांब रॅली झाली की टॉवेल लागतो, शटल बदलून मागितलं जातं, सर्व्हिसला यायला पाय उचलत नाहीत. तेही यातच आलं.

गोपीचंदची २००१ ची ऑल इंग्लंड फायनलही लावा, असं कुणीतरी सुचवलं होतं (चेन हाँगविरुद्ध १५-१२, १५-६). जरूर लावा, पण तिला हे गणित लावू नका. तेव्हा आतासारखा प्रत्येक रॅलीला गुण नसे, सर्व्हिस करणाऱ्यालाच मिळे. किती रॅल्या झाल्या ते स्कोअरवरून कळत नाही.

बघताना नजर शटलवर नको, ओकुहाराच्या टॉसवर (समोरच्याच्या मागच्या रेषेकडे उंच उडवलेल्या फटक्यावर) ठेवा. ती सिंधूपेक्षा चांगली वीतभर ठेंगणी. तिचा सगळा संसार टॉस मागच्या रेषेपर्यंत पोचण्यावर चालतो. शटल रॅकेटवरून कितीही वेगात सुटलं तरी पिसांमुळे हवेत त्याचा वेग धाडकन पडतो. मागच्या रेषेवरून मारलेला स्मॅश पलीकडे पोचेस्तोवर अर्धामुर्धा होतो, ओकुहारा तो शांतपणे परत टाकते आणि रॅली पुन्हा पहिल्यापासून. ग्लासगोच्या दुसऱ्या गेमच्या शेवटी २१-२० वर झालेली ७३ फटक्यांची रॅली बघाच. ती सिंधूने घेतली, गेमही घेतला, पण पायातलं त्राण तिथे किती गेलं असेल! तोच टॉस दीड मीटर आधी पडला तर सिंधूच्या उंचीला कोनही मिळतो आणि वेगही शिल्लक राहतो.

बासेलचा पहिला गुण २२ फटक्यांचा, आणि तो ओकुहाराने घेतला. वाटतं, आता पुन्हा ग्लासगो. तिथून सिंधूचे सलग आठ गुण. ८-१, ब्रेकला ११-२. तो तेवढा भाग दोनदा लावा. बाकीची मॅच एकदा बघितली तरी पुरे.
— राजेंद्रनगर

*

सगळं वाचलं. टॉस आखूड का पडले यावर एक शंका: हॉलमधली हवा. एसीचा झोत पाठीमागून असेल तर टॉस बाहेर जायची भीती असते, मग खेळाडू हात आखडतो आणि टॉस आयता मधे पडतो. समोरून झोत असेल तर पूर्ण ताकद लावूनही पोचत नाही. बासेलचं सगळं श्रेय सिंधूला देण्याआधी हे तपासावं.
— तिलकनगर

*

काका, ते मॅचमध्येच तपासलं गेलंय. पहिल्या गेमनंतर बाजू बदलतात. झोताचं कारण असतं तर एका बाजूने २१-७ आणि दुसरीकडून निदान २१-१५ तरी दिसलं असतं. दोन्ही बाजूंनी सातच. दुसऱ्या गेमच्या ब्रेकलाही ११-४ होते. हवा निर्दोष सुटली.

पण आपल्या हॉलमध्ये मात्र काकांचा मुद्दा शंभर टक्के लागू आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. रविवारी मॅच बघून मुलं लगेच कोर्टवर धावणार. त्याआधी चिडी तपासा (शटल म्हणा हवं तर, आपल्या इंदुरात कोण म्हणतं!). मागच्या रेषेवर उभं राहून, बाजूच्या रेषेला समांतर, खालून वर पूर्ण ताकदीने मारायचं. नियमाप्रमाणे ते पलीकडच्या मागच्या रेषेच्या ५३० ते ९९० मिलिमीटर अलीकडे पडायला हवं. टेप शोधत बसू नका. डबल्सची लांब सर्व्हिसची रेषा मागच्या रेषेपासून ७६० मिलिमीटरवर असते. तिच्या अलीकडे एक वीत, पलीकडे एक वीत, एवढ्या पट्ट्यात पडलं की शटल योग्य. दोन्ही बाजूंनी तीन-तीन मारा. एकीकडून लांब आणि दुसरीकडून आखूड पडत असेल तर दोष हवेचा आहे, डबा बदलून उपयोग नाही. एक्झॉस्ट पंखा बंद करा. दोन्हीकडून लांब जात असेल तर मात्र शटल वेगवान आहे. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, त्यात एप्रिल-मेची विरळ गरम हवा. डब्यावर वेगाचा नंबर असतो, लहान नंबर म्हणजे हळू शटल. ७७ नंबर तेव्हा बाहेरच जातो, ७६ घ्या. थंडीत ७७ ठीक.

पिसांची टोकं बाहेरच्या बाजूला किंचित मुडपली की शटल हळू होतं, आत मुडपली की वेगवान. सरावात चालेल, मॅचमध्ये नाही. उन्हाळ्यात पिसं कडकड मोडतात, तेव्हा आदल्या रात्री डब्याची दोन्ही टोकं उघडून पिसांकडच्या बाजूने दहा-पंधरा सेकंद वाफ द्या आणि डबा उभा ठेवा. बुचाला ओल लागू देऊ नका, शटल जड होतं.
— मनोरमागंज

*

पोरांसाठी सराव मी लावतो. मागच्या रेषेच्या दीड मीटर आत चिकटपट्टी. एकजण टॉस देईल, मुद्दाम कधी पट्टीच्या मागे, कधी पुढे. पट्टीच्या मागे पडला तर स्मॅश बंद, फक्त क्लिअर (उंच, मागच्या रेषेकडे) किंवा ड्रॉप (हलकेच नेटजवळ). पुढे पडला तरच हाफ स्मॅश (कमी ताकदीचा), आणि लगेच नेटवर जाऊन समोरच्याच्या उत्तराला ड्रिबल (नेटलगत हलका स्पर्श) किंवा टॅप (नेटवरूनच खाली ठोकणं). दहा शटलचा एक सेट, माणशी सहा सेट. मुलं हमखास चुकतात ती पहिल्याच फटक्याला: जीव खाऊन स्मॅश मारतात, वजन मागच्या पायावर राहतं आणि नेटवर पोचायला एक पाऊल उशीर होतो. सत्तर टक्के ताकदीने मारा, हवेत पाय बदलून मागचा पाय पुढे पडू द्या, म्हणजे तीच उडी नेटकडे नेते.
— लोकमान्यनगर

*

ठरलं तर. सुदामानगरच्या ताई, तुम्ही कागदावर दोन रकाने करा, ओकुहाराचा टॉस रेषेजवळ आणि टॉस आखूड, आणि प्रत्येक गेमच्या ब्रेकपर्यंत नुसत्या रेघा मारत जा. ग्लासगोला मोजायला दोघं लागतील, एकाचे डोळे टिकणार नाहीत. काका, एक्झॉस्टचं बटण तुमच्याकडे.
— रामबाग